जुन्या आलिशान गाड्यांतील मागच्या काचेचा डिफॉगर : प्रश्न काचेचा होता की करंटचा?

घाटरस्ता

नमस्कार मंडळी.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत वायपर, गळकी रबरे आणि गालिच्याचा कुबट वास यांवर रात्र रात्र चर्चा रंगते. मागच्या काचेवर धरणाऱ्या बाष्पाचा विषय मात्र सहसा कोणी काढत नाही. तो मी काढतो आहे, कारण एका स्नेह्यांच्या जॅग्वार मार्क टू गाडीचे संपूर्ण वायरिंग नव्याने करण्याचे काम आमच्या हातात आहे आणि मागच्या काचेच्या सर्किटपाशी येऊन ते थांबले आहे.

गाडी १९६० च्या दशकाच्या आरंभीची, डायनॅमोपासून वीज घेणारी आणि पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली आहे. मागची काच तापणारी आहे; त्या काळी ही सोय जादा पैसे मोजून घ्यावी लागे. सर्किट इतके साधे आहे की ते एका ओळीत सांगता येते : फ्यूजपासून डॅशबोर्डवरच्या स्विचला, तिथून छताच्या कडेने मागच्या काचेला आणि काचेच्या दुसऱ्या टोकाकडून बॉडीला. त्यात ना रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आहे, ना टायमर. याच कामासाठी पुढच्या तीसेक वर्षांत आलिशान गाड्यांमध्ये रिले, टायमर, व्होल्टेज घसरल्यास आपोआप बंद होण्याची व्यवस्था आणि रेडिओच्या अँटेनाशी सांगड असा सगळा गोतावळा जमा झाला.

माझे मत असे आहे की हा सगळा प्रवास काचेमुळे झाला नाही, गाडीत करंट किती शिल्लक राहतो यामुळे झाला. काच तापवणे कोणालाही जमले असते. ती तापवायला वीज आणायची कुठून, हा खरा पेच होता. हे आपणांस पटते का, हा पहिला प्रश्न. आणि या गाडीत मूळ सर्किट तसेच ठेवावे की त्यात रिले व टायमर घालावा, हा दुसरा.

सिंहगडरोडकर

मूळ चर्चेत शिरण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुण्यात तिचा फार गोंधळ होतो. काचेचा पृष्ठभाग जवळच्या हवेच्या दवबिंदू तापमानापेक्षा थंड झाला की त्यावर पाणी धरते. एसी नसलेल्या जुन्या गाडीत चार ओली माणसे बसली की आतली हवा दमट होते आणि बाष्प आतून धरते. याउलट एसी लावलेल्या गाडीत काच आतून थंड होते, आणि जुलैत पुण्याच्या हवेचे दवबिंदू तापमान २१-२२ अंशांच्या आसपास असल्यामुळे बाष्प बाहेरून धरते. मग माणूस आतून फडके मारत बसतो आणि काच काही स्वच्छ होत नाही. डिफॉगर काचच गरम करत असल्यामुळे त्याला दोन्ही बाजू सारख्याच आहेत.

पाटीवाला

"गाडीस डिफॉगर आहे. काच आपल्या बाहीने पुसू नये. पुसल्यास बाही धुऊन मिळणार नाही." अशी एक पाटी पार्सल ट्रेवर ठेवण्याचा विचार आहे.

काचसामान

घाटरस्ता यांच्या मताशी मी सहमत नाही. माझे आयुष्य काचेच्या व्यवसायात गेले आहे, तेव्हा काचेची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे.

तुमच्या मार्क टूमधील काच लॅमिनेटेड असणार. म्हणजे काचेचे दोन थर, मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा आणि त्या पडद्यात केसाहून बारीक तारा. या तारा मुद्दाम किंचित नागमोडी बसवत, कारण सरळ समांतर तारांमुळे मागून येणाऱ्या दिव्यांचे फटकारे दिसतात. १९५५ मध्ये आलेल्या रोल्स रॉइस सिल्व्हर क्लाउडमध्ये मागची काच अशाच प्रकारे तापत असे. हे हस्तकौशल्याचे, वेळखाऊ आणि महागडे काम होते, म्हणून ते श्रीमंतांच्या गाड्यांपुरते राहिले. त्यातली तार एकदा तुटली की दुरुस्ती नाही. ती दोन काचांच्या मध्ये असल्यामुळे तिथवर हात पोहोचतच नाही.

क्रांती झाली ती चांदीमुळे. चांदीची पूड आणि सहज वितळणारी काचेची भुकटी यांचा लेप करून तो जाळीच्या छपाईने काचेवर रेषांच्या रूपात छापायचा, आणि ज्या भट्टीत काच ६०० अंशांच्या वर तापवून वाकवतात व टफन करतात त्याच भट्टीत तो भाजून काढायचा. वेगळी प्रक्रिया नाही, वेगळे मजूर नाहीत. रेषा भाजताना चांदीचा काही अंश काचेत उतरतो, म्हणून बाहेरून पाहिल्यास त्या तपकिरी दिसतात. तापणाऱ्या मागच्या काचेच्या शोधाशी जर्मन अभियंता हाइन्त्स कुनेर्ट यांचे नाव जोडले जाते. ही छपाई जमली नसती, तर डायनॅमोच्या जागी पुढे आलेल्या अल्टरनेटरने कितीही अँपिअर ओतले असते तरी डिफॉगर सिल्व्हर क्लाउडच्या पलीकडे गेला नसता.

अँपिअर_आजोबा

काचसामान यांचे विवेचन उत्तम आहे, पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा घाटरस्ता यांचा मुद्दा त्यामुळे खोडला जात नाही. थोडा हिशेब मांडतो.

त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या लुकास सी ४० डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर होती, आणि तीही इंजिन चांगले फिरत असताना. आता पावसाळी रात्र धरा. साठ-साठ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १० अँपिअर, वायपर तीन-चार, इग्निशन कॉइल तीन-चार, आणि पुढच्या काचेवर हवा सोडणारा पंखा चालू असेल तर आणखी काही. बेरीज विशीच्या घरात गेलीच. त्यावर १० अँपिअरची काच चढवली की वरचा सगळा भार बॅटरीवर. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, त्याला बॅटरीपासून तोडणारा कटआउट उघडतो आणि गाडी बॅटरीच्या पुंजीवर जगू लागते. मार्क टूच्या डॅशबोर्डवर अँपिअरमीटर आहे. काचेचा स्विच दाबल्याबरोबर काटा डावीकडे कसा झुकतो ते घाटरस्ता यांनी पाहिलेच असेल.

१९६४ च्या शरद ऋतूत जॅग्वारने ई टाइप आणि मार्क टेन या गाड्यांत ४.२ लिटरचे इंजिन आणले, तेव्हाच डायनॅमो जाऊन लुकासचा ११ एसी अल्टरनेटर आला. त्याची क्षमता सुमारे ४५ अँपिअर, म्हणजे सी ४० च्या दुप्पट, आणि इंजिन मंद फिरत असतानाही तो बऱ्यापैकी करंट देतो. अमेरिकेत क्रायस्लरने हे आधीच, १९६० च्या व्हॅलियंटपासून सुरू केले होते. त्याहीपूर्वी १९५३ मध्ये कॅडिलॅक सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेली, ही पायरीसुद्धा विसरू नये, कारण सहा व्होल्टवर त्याच वॅटसाठी दुप्पट करंट लागतो आणि मग तारा व स्विच दोन्ही जाडजूड करावे लागतात.

घाटरस्ता

आजोबा, काटा झुकतो हे खरेच आहे. हेडलाइट आणि वायपर चालू असताना काच लावली की तो शून्याच्या डावीकडे जातो आणि गाडी वेग घेईपर्यंत तिथेच थांबतो. आम्ही काचेचा रोध मोजला, तो १.६ ओहम भरला. बारा व्होल्टला साडेसात अँपिअर, म्हणजे ९० वॅट. नंतरच्या गाड्यांत हाच आकडा दीडशे-दोनशे वॅटपर्यंत जातो. ९० वॅटवर थांबण्यामागे काचेची मर्यादा होती की डायनॅमोची, हे काचसामान सांगू शकतील काय?

काचसामान

दोन्ही असणार, एवढे मान्य करतो. लॅमिनेटेड काचेत उष्णता मधून दोन्ही बाजूंना झिरपत जाते आणि मधला पडदा फार तापवून चालत नाही. पण बारा व्होल्टवर ९० वॅटची काच बनवणाऱ्याला १५० वॅटची बनवता आली नसती असे म्हणता येणार नाही. तेवढ्यापुरता गुण तुमच्या बाजूला लिहा.

सव्वापेटी

अमेरिकन गाड्यांचा उल्लेख निघालाच आहे, तर तिथला आरंभ काचेत तारा घालून झालाच नव्हता हेही नोंदवतो. १९५०-६० च्या दशकांतील कॅडिलॅकसारख्या गाड्यांत मागच्या पार्सल शेल्फखाली एक छोटा विजेचा पंखा असे आणि तो गाडीतलीच हवा मागच्या काचेवर मारत असे. सर्किट म्हणजे फ्यूज, एक-दोन वेगांचा स्विच आणि मोटर. करंट अत्यल्प लागे, पण परिणामही तसाच होता, कारण दमट हवा फिरवून काच थोडी सुकते, तापत नाही. काच तापवायची वीज नव्हती म्हणून हवा फिरवली, असा याचा अर्थ घेतला तर घाटरस्ता यांचे मत आणखी बळकट होते.

आणि टोकाचे उदाहरण हवे असेल तर १९७४ ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क फोर आणि तिची बहीण फोर्ड थंडरबर्ड पाहावी. त्यांच्या पुढच्या व मागच्या काचांत सोन्याचा अतिशय पातळ थर बसवण्याचा पर्याय होता. त्या थराचा रोध इतका होता की बारा व्होल्टने त्यात पुरेशी उष्णता निर्माण होईना, म्हणून इंजिनवर दुसरा स्वतंत्र अल्टरनेटर बसवून शंभराहून अधिक व्होल्ट थेट काचेला दिले. काच झपाट्याने साफ होई यात शंका नाही, पण नाकापेक्षा मोती जड झाला आणि काही वर्षांत तो पर्याय बंद पडला.

पाटीवाला

सोन्याची काच म्हटल्यावर आमच्या घरी ती लॉकरमध्येच राहिली असती आणि गाडी पुठ्ठा लावून फिरली असती.

तापमापी_मृण्मयी

काच की करंट या वादात टायमरचा विचार राहून जातो आहे, आणि सर्किट म्हणून पाहिल्यास खरी उत्क्रांती तिथेच झाली असे मला वाटते. स्विच, फ्यूज आणि रोध हे घरच्या शेगडीचे सर्किट आहे. "किती वेळ" हा प्रश्न सर्किटने स्वतःला विचारला, तेव्हा ते शहाणे झाले.

जुन्या गाड्यांचे टायमर साधारण दहा मिनिटांचे का असतात, याचे गणित फार सुंदर आहे. मोठ्या सेडानची मागची काच सहा किलोची धरू. काचेची विशिष्ट उष्मा किलोला दर अंशामागे सुमारे ८४० ज्यूल आहे, म्हणून ती एक अंश तापवायला जवळजवळ ५००० ज्यूल लागतात. १५० वॅटची काच हे काम ३३ सेकंदांत करते. दवबिंदूच्या पुरेसे वर जाण्यासाठी दहा अंश वाढ हवी असेल तर साडेपाच मिनिटे झाली. त्यात काचेवरचे पाणी उडवायला लागणारी उष्णता आणि बाहेरच्या वाऱ्याने पळवलेली उष्णता मिळवली की आपण दहा मिनिटांपाशी येतो. पुढे काच गरमच राखायची असल्यामुळे तेवढा वेळ लागत नाही. म्हणूनच जनरल मोटर्सच्या नंतरच्या गाड्यांत बटण पहिल्यांदा दाबले की दहा मिनिटे आणि पुन्हा दाबले की पाच मिनिटे, अशी रचना दिसते. ज्याने हे ठरवले त्याने काच, पाणी आणि अल्टरनेटर या तिघांचाही विचार केला होता.

घाटरस्ता यांच्या ९० वॅटच्या काचेला हेच गणित लावले तर एका अंशाला ५६ सेकंद लागतात, आणि लॅमिनेटेड काच जाड असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. म्हणजे दहा मिनिटांचा आधुनिक टायमर तुमच्या गाडीत बसवला, तर काच साफ होण्याच्या बेतात असतानाच तो बंद होईल.

अँपिअर_आजोबा

मृण्मयीताई, हा शेवटचा परिच्छेद लाख मोलाचा आहे. बाजारातून टायमर आणून डोळे मिटून जोडणाऱ्यांनी तो दोनदा वाचावा.

पिंपरीची_डब्ल्यू१२४

माझ्याकडे १९९० च्या दशकातील मर्सिडीज ई २२० आहे. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली तेव्हाची ही डब्ल्यू १२४ मालिका, म्हणजे अस्सल पुणेकरच म्हणायची. तिच्या रचनेतून विषयाची पुढची पायरी दिसते. यात डिफॉगरला स्वतंत्र टायमर नाही. वळण्याचे दिवे, पुढचा वायपर आणि मागच्या काचेचा डिफॉगर या तिन्ही कामांची वेळ एकाच संयुक्त रिलेत सांभाळलेली आहे. एका प्लास्टिकच्या डबीत छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट आणि रिले एकत्र नांदतात. त्यामुळे निदान करताना आधी वळण्याचे दिवे आणि वायपरचा मधूनमधून फिरणारा टप्पा नीट चालतो का ते पाहावे. ते ठीक असतील तर डबीचा पुरवठा ठीक आहे असे समजून शोध काचेकडे न्यावा.

माझ्या काचेच्या चार रेषा मेल्या त्या मात्र विजेने नव्हे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरील फिल्मवर बंदी घातली तेव्हा शहरभर फिल्म उतरवण्याची घाई झाली होती. मीही एका दुकानात गाडी नेली. तिथल्या मुलाने पुढच्या काचांप्रमाणेच मागच्या काचेलाही पाते लावले आणि फिल्मबरोबर चांदीच्या रेषा सोलून काढल्या. छापील रेषा आतल्या पृष्ठभागावर उघड्या असतात हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मी चहा घ्यायला गेलो होतो.

काचसामान

ही त्या काळात पुण्यात घरोघरी घडलेली कथा आहे. कारागिरांनी लक्षात ठेवावे की मागच्या काचेवरची फिल्म वाफ देऊन, सावकाश आणि रेषांच्या दिशेने ओढायची असते. पाते रेषांना आडवे लावायचे नसतेच. लॅमिनेटेड काचेच्या तारा झाकलेल्या असल्यामुळे हा धोका तिला नाही, हा जुन्या काचेचा एक गुण मीच आधी सांगायला हवा होता.

तापकीर_गल्ली

सोललेल्या रेषा दुरुस्त होतात, तेव्हा पिंपरीकरांनी निराश होऊ नये. पद्धत सविस्तर लिहितो.

डिफॉगर चालू करून व्होल्टमीटरची काळी पिन बॉडीला लावावी. तांबड्या पिनेच्या टोकाला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा गुंडाळावा, म्हणजे टोक रेषेवर ओरखडा काढणार नाही, आणि बोटाने फॉइल रेषेवर दाबावे. प्रत्येक रेषा मधोमध तपासावी. रेषा अखंड असेल तर सुमारे सहा व्होल्ट दिसतात. बारा दिसले तर तुटलेली जागा मध्यापासून अर्थच्या बाजूला आहे. शून्य दिसले तर ती पुरवठ्याच्या बाजूला आहे. मग फॉइल त्या दिशेने हळूहळू सरकवत न्यावे. ज्या ठिकाणी आकडा एकदम उडी मारतो, तिथे भिंग लावून पाहिले की नखाच्या टोकाएवढी फट दिसते, आणि पुष्कळदा तिच्या दोन्ही कडांना रेषेचा रंग किंचित काळपट झालेला असतो.

ती जागा स्पिरिटने पुसावी, रेषेच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून नेमकी रेषेएवढीच खिडकी मोकळी ठेवावी आणि चांदीचा वाहक रंग दोन-तीन पातळ हातांत द्यावा. एकाच जाड थराला पुढे तडे जातात. आठ-दहा मिलिमीटरपर्यंतची फट नीट भरते. पूर्ण रेषाच गेली असेल तर रंगाचा रोध मूळ रेषेशी जुळत नाही आणि ती रेषा कमी-जास्त तापते.

टोकाची पितळी पट्टी निघाली असेल तर नेहमीच्या कथलाने डाग देऊ नये. साधे कथील काचेवरची चांदी स्वतःत विरघळवून घेते, आणि पट्टी जागच्या जागी राहते पण तिच्याखालचा थर नाहीसा होतो. थोडी चांदी असलेले कथील घ्यावे आणि डाग देण्याची इस्त्री तिथे दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, कारण टफन काच एकाच ठिकाणी तापली तर तडकून सगळीच खाली येते.

पिंपरीची_डब्ल्यू१२४

मनःपूर्वक आभार. चारांपैकी दोन रेषांच्या फटी लहान आहेत, त्यांवर येत्या रविवारी प्रयोग करतो. उरलेल्या दोन जवळजवळ हातभर गेल्या आहेत, त्यांना तसेच सोडतो. बाकीच्या रेषा समांतर जोडलेल्या असल्यामुळे त्यांचे काम अडत नाही.

रेडिओ_कोथरूड

अँटेनाचा उल्लेख घाटरस्ता यांनी केला, पण त्यावर कोणी बोलले नाही. काचेवर इतके धातूचे जाळे आहेच, तर रेडिओच्या लहरी पकडायलाही तेच वापरावे, हा विचार आलिशान गाड्यांत पक्का रुजला. १९९४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यूची ई ३८ ही ७ सिरीजमधली गाडी पाहा; तिच्या टपावर दांडीची अँटेना नाही. अडचण अशी की डिफॉगरचे एक टोक बॅटरीला आणि दुसरे बॉडीला जोडलेले असते, आणि रेडिओच्या लहरींच्या दृष्टीने बॉडीला जोडणे म्हणजे सगळा संदेश जमिनीत ओतणे. म्हणून दोन्ही तारांत गुंडाळी घालतात. तिच्यातून डिफॉगरचा वीस अँपिअरचा एकदिश करंट सुखाने जातो, पण रेडिओच्या लहरी अडतात. जुन्या गाडीत काच गरम होते पण रेडिओ खरखरतो, अशी तक्रार असेल तर आधी या गुंडाळ्या आणि त्यांच्याजवळचा अँप्लिफायर तपासावा.

सिंहगडरोडकर

बाष्पाशी लढण्याचा आणखी एक महागडा मार्ग त्याच काळात निघाला. १९९१ च्या मर्सिडीज डब्ल्यू १४० मध्ये बाजूच्या खिडक्यांना दुहेरी काच दिली, मध्ये हवेचा थर ठेवून. आतली काच बाहेरच्या थंडीपासून वेगळी झाल्यामुळे तिच्यावर बाष्प धरत नाही, आणि त्यासाठी एक अँपिअरही लागत नाही.

हडपसर_हायवे

सर्वांच्या ज्ञानाबद्दल आदर राखून विचारतो : पुण्यात याची गरज आहे काय? बर्फ नाही, हिम नाही. एसी लावला, खिडकी बोटभर उघडली, काम झाले.

सिंहगडरोडकर

मार्क टूमध्ये एसी नाही, आणि ताम्हिणीच्या पावसात खिडकी बोटभर उघडून दाखवावी. शिवाय एसी असलेल्या गाडीत बाष्प बाहेरून धरते हे मी वर लिहिले आहे. तिथे एसी जितका वाढवाल तितकी मागची काच अधिक पांढरी होईल.

हडपसर_हायवे

वरचा प्रतिसाद आता वाचला. माझा मुद्दा मागे घेतो, खिडकी वर करतो.

तापमापी_मृण्मयी

आता घाटरस्ता यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू या, नाहीतर त्यांची गाडी पावसाळा संपेपर्यंत उघडीच राहील. टायमरबाबत माझे मत नकारार्थी आहे, आणि वेळेचे गणित हे त्याचे एकच कारण नाही. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे. काच हा निव्वळ रोध असल्यामुळे तिला करंट कोणत्या दिशेने वाहतो याचे सोयरसुतक नसते. पण बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक टायमर निगेटिव्ह अर्थ गृहीत धरून बनवलेले असतात. त्यांची धातूची पेटी किंवा अर्थची तार बॉडीला टेकली की आतले ट्रान्झिस्टर उलट व्होल्टेजखाली क्षणात जळतात.

अँपिअर_आजोबा

हीच सूचना रिलेलाही लागू आहे आणि तिथे लोक हमखास फसतात. साध्या रिलेच्या गुंडाळीला दिशा नसते, पण हल्ली दुकानदार पुष्कळदा आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले हातात ठेवतात. तो पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत नेहमीच्या चित्राप्रमाणे जोडला तर डायोड सरळ दिशेने वाहू लागतो, गुंडाळी शॉर्ट होते आणि फ्यूज उडतो. फ्यूज जाड असेल तर तार जळते. नाना पेठेत रिले घेताना त्याच्या अंगावर छापलेले चित्र पाहावे, आणि त्यात डायोडची खूण असेल तर गुंडाळीची ८५ आणि ८६ क्रमांकांची टोके अदलाबदल करून जोडावीत. त्याहून बरे म्हणजे डायोड नसलेलाच घ्यावा.

रिले मात्र जरूर घालावा असे मी म्हणेन. डॅशबोर्डवरच्या साठ वर्षांच्या स्विचच्या संपर्कांवरून साडेसात अँपिअर नेणे म्हणजे पुन्हा न मिळणारी वस्तू झिजवणे आहे.

मूळस्वरूप

इथे माझा स्पष्ट विरोध नोंदवतो. मूळ सर्किटमध्ये रिले नव्हता, तर तो घालू नये. एकेक सुधारणा करत गेलो तर शेवटी गाडीचे फक्त नाव जुने उरते. स्विच झिजतो तो ढिल्या टोकांमुळे. टोके साफ करा, तार जाड घ्या, आणि १९६० मध्ये चालले ते आजही चालेल.

अँपिअर_आजोबा

मूळस्वरूप यांच्या भावनेचा आदर आहे, परंतु व्होल्टेजची घट मोजून मगच निर्णय घ्यावा. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जुन्या तारेत, स्विचमध्ये आणि गंजलेल्या अर्थमध्ये मिळून दीड व्होल्ट गेला, तर काचेला साडेदहा व्होल्ट मिळतात आणि ९० वॅटची काच ७० वॅटचीही राहत नाही. आधीच गरीब असलेल्या काचेची एवढी चोरी परवडत नाही.

मूळस्वरूप

मोजून निर्णय घ्यावा, यावर एकमत आहे. मात्र रिले घातलाच तर तो दिसणार नाही अशा जागी असावा आणि मूळ तारेचा एकही तुकडा कापला जाऊ नये, म्हणजे पुढच्या मालकाला दोन टोके बदलून गाडी पूर्ववत करता येईल.

घाटरस्ता

आज सकाळी मोजमाप केले. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असताना काचेच्या दोन टोकांत १०.९ मिळतात, म्हणजे नेमका दीड व्होल्ट वाटेत जातो. त्यातला ०.७ एकट्या अर्थच्या जोडात आहे. काचेपासून येणारी तार ज्या स्क्रूने बॉडीला लावली आहे, तिथे कधीतरी रंगकाम करताना स्क्रूखालीही रंग मारला गेला होता. तो खरवडून, दातेरी वायसर घालून आणि वर व्हॅसलिन लावून जोड पुन्हा कसला, तेव्हा तिथली घट ०.१ च्या खाली आली. एकही नवी वस्तू न घालता काचेला ११.५ व्होल्ट मिळू लागले आणि काच पुन्हा ८२-८३ वॅटवर आली.

उरलेल्या घटीतला मोठा वाटा स्विचचा आहे, म्हणून रिले घालायचे ठरवले आहे. डायोड नसलेला रिले मागच्या सीटच्या पाठीमागे बसेल, त्याच्या गुंडाळीला मूळ तारच वापरू आणि काचेकडे अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार १५ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून नेऊ. गुंडाळीचा पुरवठा इग्निशनमागून असल्यामुळे किल्ली काढली की काच बंद होईल. टायमर घालणार नाही. अँपिअरमीटरचा काटा डावीकडे दिसला की चालकाने स्विच स्वतः बंद करावा, असे स्नेह्यांना सांगितले आहे.

काच की करंट या वादात मात्र मी माझ्या जागेवरून फारसा हललो नाही. काचसामान यांच्या चांदीने डिफॉगर सर्वसामान्यांच्या गाडीत आणला हे मान्य. पण रिले, टायमर आणि व्होल्टेज पाहून बंद होणारी व्यवस्था या तिन्हींचा जन्म वीज पुरवून वापरण्याच्या गरजेतूनच झालेला आहे. १९९० च्या दशकातील मर्सिडीजच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलेले आढळते की बटणातला दिवा लुकलुकू लागला तर व्होल्टेज कमी आहे असे समजावे आणि काचेची उष्णता आपोआप बंद झालेली असते. तीस वर्षे उलटली तरी बॅटरीचा हिशेब सुटला नाही, फक्त तो चालकाकडून काढून सर्किटकडे सोपवला गेला.

काचसामान

वीज पुरवून वापरायची, ती कशावर वापरायची हे काचेनेच ठरवले. बाकी तुमचा रंगाखालचा स्क्रू सापडला याचा आनंद आहे. दुसऱ्या टोकाचा जोडही उघडून पाहा. रंगाऱ्याने एकच स्क्रू रंगवला असेल असे वाटत नाही.